उभी चीर

पाइपला पडलेली चीर उभी होती. वीतभर लांब, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली. कडा बोटाला पातळ लागत होत्या आणि तिथला हिरवा रंग ताणून ताणून दुधी झाला होता. म्हणजे कुणी कापला नव्हता, उंदरानंही कुरतडला नव्हता. आतून दाब वाढला की नळी अशीच फाटते, लांबीच्या दिशेनं. गोलाईवर येणारा ताण लांबीवर येणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो, एवढं साधं गणित आहे.

मी अंगणात उकिडवी बसून ती चीर बघत होते आणि अण्णा, माझे थोरले भाऊ, माझ्या डोक्यावर उभे होते. अंगात बनियन, कपाळावर सकाळची विभूती, हातात चहाची बशी.

"काय म्हणतात मॅडम? झालं का पोस्टमार्टेम?"

"आतून फुगून फाटलाय."

"म्हणजे माल हलका. कोपऱ्यावरच्यानं फसवलं आपल्याला."

"माल हलका होताच. पण अण्णा, मोटर चालू ठेवून पुढून नोझल बंद केलं की पाणी जाणार कुठं? वरून हे ऊन. तापला की पाइप मऊ पडतो. तुम्ही नोझल नका बंद करू, बटण बंद करत जा."

"मोटर सारखी चालू-बंद केली की जळते. तुला नाही कळायचं ते."

"मग नोझल उघडं ठेवून पाइप आळ्यात सोडून द्या."

अण्णांनी बशीतला उरलेला चहा संपवला.

"बघू," म्हणाले.

अण्णा आता नाहीत. त्यांचा चेहरा नीट आठवायला मला फोटो बाहेर काढून बघावा लागतो; हे 'बघू' मात्र आवाजासकट कानात आहे. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आणि हा शब्द त्यांनी तिथूनच घरी आणला असावा. त्यांनी मला आयुष्यात कधी 'नाही' म्हटल्याचं आठवत नाही. बार्शीच्या एका मुलाचं स्थळ आलं होतं, मुलगा मला आवडला होता. अण्णा म्हणाले, बघू. मुलाकडचे दोनदा विचारून गेले, तिसऱ्यांदा आले नाहीत. पीएच.डी.साठी पुण्याला जायचं ठरत होतं, तेव्हाही बघू. नकार दिला असता तर मी भांडले असते. 'बघू'शी भांडता येत नाही. त्याला धरायला टोकच नसतं.

सोलापुरात नळाला पाणी कधी यायचं ते यायचं. आमची बाग जगत होती ती बोअरवर. टाकीकडचा कॉक बंद केला की मोटरचं सगळं पाणी बागेच्या नळाला यायचं, आणि त्याला एवढा जोर असायचा की हातातला पाइप उडी मारायचा. आईनं लावलेली दोन डाळिंबं, एक लिंबोणी, मोगऱ्याचा ताटवा, कुंपणालगतची कण्हेर. आई गेल्यावर संध्याकाळचं पाणी माझ्याकडं आलं. कॉलेजातून आले की पर्स ठेवायची आणि पाइप उचलायचा. दुपारी अण्णा जेवायला घरी यायचे. तेवढ्यात तेही हौसेनं पाणी मारायचे, वहिनीनं हाक मारली की नोझल पिळून बंद करायचे आणि पानावर जाऊन बसायचे. मोटर चालूच. पाइप एप्रिलच्या उन्हात फुगून पडलेला. दर उन्हाळ्यात एक पाइप फुटायचा, आणि दर उन्हाळ्यात अण्णा म्हणायचे, माल हलका.

त्या रविवारी मला त्यांच्याकडून दुसरंही एक उत्तर हवं होतं. आमच्या संस्थेनं उमरग्याला सायन्स कॉलेज काढायचं ठरवलं होतं. इमारत झाली होती. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा मात्र नुसती एक मोकळी खोली होती. ओटे कुठं घालायचे, गॅस कुठून न्यायचा, धूर बाहेर कसा काढायचा, सगळं उभं करायला माणूस हवं होतं, आणि प्राचार्य मठपती सरांनी मला बोलावून विचारलं होतं. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. त्या दोन खोल्यांचा विचार मी बसमध्ये, वर्गात, स्वयंपाकघरात करत होते. एका खोलीत टेबल कुठल्या खिडकीशी ठेवायचं तेही ठरलं होतं. सोमवारपर्यंत होकार द्यायचा होता. पाडव्याला मी अण्णांना सांगितलं. ते श्रीखंड चाटत म्हणाले, "बघू."

उद्या सोमवार होता.

"येमूलकडं जाऊ," अण्णा म्हणाले. "या खेपेला पक्का माल घ्यायचा. तूही चल. तुझ्या त्या केमिस्ट्रीचा काहीतरी उपयोग होऊ दे."

आतून वहिनी म्हणाली, "दर साली पक्काच आणता की. माझ्या लग्नातला शालू अजून टिकलाय, तुमचा पक्का पाइप एक उन्हाळा टिकत नाही."

"तू शालू उन्हात टाकत होतीस का?"

"नव्हते. म्हणून तर टिकला!"

वहिनीचं हे असं होतं. बोलायची ते बरोबर ठिकाणी लागायचं, आणि मग स्वतःच हसून ते घालवून टाकायची.

येमूलचं दुकान म्हणजे बोळासारखी लांब खोली. भिंतींना पाइपांची भेंडोळी टांगलेली: हिरवी, निळी, पारदर्शक, काळी. पंख्याखाली बसलेल्या येमूलनं एकापाठोपाठ एक भेंडोळं काउंटरवर आपटलं.

"हा चालू माल. हा त्याच्यापेक्षा बरा. आणि हा, साहेब, बघाच हा."

मी पहिल्याचं कापलेलं टोक उजेडाकडं धरलं. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. "हा नको," मी म्हटलं. "फाटेल तो पातळ बाजूनंच." दुसऱ्याला घासलेटासारखा उग्र वास होता, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून केलेला. दुमडून पाहिला तर घडीवर पांढरी रेघ उमटली आणि सोडल्यावरही ती गेली नाही. पारदर्शक पाइपात ऊन शिरतं आणि आत शेवाळ धरतं, तो मी हातातही घेतला नाही.

"मॅडम तर सोन्यासारखं घासून बघालेत," येमूल म्हणाला.

"प्रोफेसर आहे ती," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरचा अभिमान होता. ते मी आजही नाकारत नाही.

तिसरा पाइप काळा होता. दोन थर, मध्ये नायलॉनच्या दोऱ्याची तिरकी जाळी. मुठीत आवळला तरी चपटा होईना. दुमडला, सोडला, पुन्हा गोल झाला. वास जवळजवळ नव्हता. ही जाळी मी नखानं मोकळी करून पाहिली. दोरे एकमेकांना ओलांडून, सारख्या अंतरावर गेलेले. आतला दाब हे दोरे झेलणार होते.

"हा चांगला आहे," मी म्हटलं.

"टिकेल?" अण्णांनी येमूलला विचारलं.

"साहेब, तुमी-आमी जाऊ, पाइप राहील."

अण्णा मोठ्यानं हसले. "माझं राहू दे. बागेचं खातं हिच्याकडं आहे. हिला जन्मभर पुरेल असा दे म्हणजे झालं."

"आणि मॅडमची कुठं बदली-बिदली झाली तर?"

"कुठली बदली? निघाली होती की एक टूम, उमरग्याची. मी मठपती सरांना गाठून सांगूनच टाकलं, आमच्या शैलाला नाही जमायचं ते. घर सोडून राहिलेली नाही ती कधी." मग माझ्याकडं वळून, त्याच आवाजात, "किती फूट घ्यायचा गं?"

लिंबोणीपर्यंत पोचायला किती लागेल ते मला पाठ होतं. मी आकडा सांगितला. येमूलनं पाइप मोजायला घेतला, फुटपट्टीवर वेढे ओढत, तोंडानं तेलुगूत मोजत. मी ते वेढे बघत राहिले. माझा चेहरा कसा होता कोण जाणे. येमूलनं मध्येच मान वर केली आणि आकडा चुकला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

स्कूटरवर भेंडोळं माझ्या मांडीवर होतं. गरम, जड, अंगाशी दाबून धरावं लागत होतं.

"कधी सांगितलंत?" मी अण्णांच्या पाठीला विचारलं.

"काय?"

"मठपती सरांना."

"झाले की पंधरा-वीस दिवस. कोऱ्यांच्या लग्नात भेटले होते."

"मला तर तुम्ही बघू म्हणालात."

"बघितलं की मग! बघूनच सांगितलं." सिग्नल पडला. त्यांनी एक पाय टेकवला आणि मान अर्धी वळवली. "तिथं उमरग्यात एकटी बाई, आजारी पडलीस तर कोण आहे तुला? इथं काय कमी आहे?"

सिग्नल हिरवा झाला आणि आम्ही निघालो.

घरी आल्यावर मी फोनपाशी गेले. अण्णा अंघोळीला गेले होते. दुसरी अंघोळ, उन्हातून आल्यावरची. मठपती सरांनी लगेच उचलला.

"सर, शैलजा बिराजदार बोलतेय. उमरग्याचं... उद्या सांगायचं होतं, आजच सांगते. मी तयार आहे."

 पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अहो बाई, तुमचे बंधू म्हणाले की तुम्हाला जमणार नाही. मी समजलो, तुम्हीच निरोप दिलात."

"मी दिला नव्हता, सर."

"हो, पण घरातलं मोठं माणूस स्वतः सांगतंय म्हटल्यावर आम्ही काय समजायचं? लातूरच्या एक बाई तयार झाल्या. परवा हजर होतायत त्या. ओट्यांचं मापही घेऊन गेल्या."

"सर, मला सोमवारपर्यंत मुदत होती."

"होती, होती. माझ्या लक्षात आहे." ते मनापासून ओशाळले होते. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पुढं कुठं निघालंच काही तर बघू आपण."

मी रिसीव्हर ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती, हातात पिठाचा गोळा.

"भरली का जागा?"

"भरली."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "लग्नात मी शेजारीच होते ना."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

तिनं गोळा या हातातून त्या हातात घेतला. ती हसेल असं मला वाटलं. हसली नाही.

"खरं सांगू? माझे गुडघे तू बघतेसच. तू गेलीस की संध्याकाळचं पाणी माझ्यावर, कुणी आलं-गेलं माझ्यावर. आणि या माणसाशी दिवसभर एकटीनं बोलायचं. तू आहेस म्हणून हे घर थोडं तरी बोलतं." मग जरा थांबून, "मीही विचारलं होतं एकदा. शिवणाचा क्लास काढू का, पुढच्या खोलीत. तू शाळेत होतीस तेव्हा."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार?" वहिनी आत वळली. "पोळ्या करायच्यात मला."

जेवताना अण्णांनी पाइपाचं कौतुक केलं. दुपारी ते झोपले. मी माझ्या खोलीत बसले होते, आणि त्या उमरग्याच्या खोलीतलं टेबल मनातून उचलून बाहेर काढत होते. ते निघेना. खिडकी होती तिथंच होती, ऊन होतं तसंच होतं, फक्त टेबलापाशी आता लातूरची कुणी बाई बसली होती आणि तिच्याकडं ओट्यांचं माप होतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

ऊन उतरल्यावर अण्णा नवा पाइप जोडायला बसले. नळाच्या तोंडावर पाइप चढवला, वरून लोखंडी क्लिप घातली आणि पाना घेऊन ती घट्ट, आणखी घट्ट आवळली. नळ जुना होता, आईच्या वेळेपासूनचा. व्हरांड्यासमोरच्या भिंतीत जिथं तो शिरतो तिथं गंजाची तांबूस वर्तुळं आली होती आणि गिलावा पोपडे धरून सुटत होता. हे मी दोन उन्हाळे सांगत होते. त्याचंही 'बघू' झालेलं होतं.

"शैला, बटण!"

मोटरचं बटण व्हरांड्यात होतं. मी ते दाबलं आणि तिथल्याच पायरीवर बसले. पाइप थरथरला, सरळ झाला, पाण्याची जाड धार डाळिंबांवर गेली. अण्णा लहान पोरासारखे खूश झाले.

"बघ, कसा तटतटून उभा राहिलाय! कुठं पीळ नाही, कुठं गाठ नाही. याला म्हणतात माल!"

आतून वहिनीनं हाक मारली. चहा झाला होता. अण्णांनी नोझल पिळून बंद केलं, पाइप मोगऱ्याच्या ताटव्यावर टाकला आणि हात पुसत व्हरांड्यात आले. माझ्या शेजारून जाताना माझ्या डोक्यावर टप्पल मारली.

"अजून फुगलेलीच का? अगं, चांगल्यासाठीच केलं. तुला पुढं कळेल."

ते खुर्चीत बसले. वहिनीनं कप आणून दिला. मोटर चालू होती. तिचा आवाज बदलत गेला, आधी घरघर, मग जड, दमल्यासारखा. मी पाइपाकडं बघत होते. तो फुगत नव्हता. जाळी आपलं काम करत होती. मी निवडलेला पाइप खरोखरच चांगला होता. नोझल घट्ट होतं. क्लिप घट्ट होती. मग राहता राहिलं काय, हे मला माहीत होतं, आणि मी भिंतीतल्या त्या तांबूस वर्तुळांकडं नजर नेली.

"अण्णा," मी म्हटलं, "बटण बंद करू का?"

"राहू दे. चहा झाला की मला कण्हेरीला पाणी द्यायचंय. सारखी चालू-बंद नको."

"तो नळ सुटेल."

"बघू," अण्णा म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

आवाज मोठा झाला नाही. काहीतरी कुरकुरलं, भिंतीतून मुठीएवढा गिलावा पडला, आणि नळ आपल्या गंजक्या आट्यांसकट, आवळलेल्या क्लिपेसकट, पाइपासकट भिंतीतून बाहेर आला. भोकातून पाण्याचा झोत सरळ व्हरांड्यात घुसला. अण्णांची बशी उडाली. बनियन, धोतर, वर्तमानपत्र, वहिनीची वाळत घातलेली कुरडई, सगळं एका क्षणात भिजलं. लाल पाणी होतं, गंजाचं. पाइप मोगऱ्यावर तसाच पडला होता, कुठंही न फाटलेला, तोंडात नळ धरून.

"बटण! शैला, बटण! बघतेस काय?"

मी उठले आणि बटण बंद केलं.

इतकं शांत झालं की पन्हाळीतून पाणी ठिबकलेलं ऐकू येत होतं. वहिनी भिंतीला धरून उभी होती. अण्णांनी चष्मा काढला, ओल्या बनियनला पुसला, पुन्हा घातला. मग ते पायऱ्या उतरून गेले, पाइप उचलून सगळीकडून चाचपून पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा थोडा आनंद आला.

"पाइपाला काही झालेलं नाही हं. एक चरा नाही. नळच कच्चा होता." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "उद्या कॉलेजातून येताना प्लंबरला सांगून ये. तोपर्यंत आठवडाभर बादलीनं घालशील पाणी, काय?"

मी उडालेली बशी उचलून पायरीवर ठेवली.

"काय गं? ऐकलंस का?"

"अण्णा, मी सरांना फोन केला होता. जागा भरली."

"बरं झालं. सुटला विषय." ते पाइपाची गुंडाळी करायला लागले. "मग आता तोंड कशाला पाडून बसलीस?"

"विषय सुटला नाही. मी जाणार आहे."

त्यांचे हात थांबले नाहीत. एक वेढा, दुसरा वेढा. "जागा भरली म्हणतेस आणि जाणार म्हणतेस. कुठं जाणार? उमरग्याला त्या बाईच्या ओट्यावर बसणार?"

वहिनीला हसू आलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान एवढीशी हलवली. नको, म्हणून हलवली की हो म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं नाही.

"सांग की. कुठं जाणार?"

"ते बघू," मी म्हटलं. "पण मी आता इथं राहणार नाही, अण्णा."